पोस्टग्रेस डेटाबेस: टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात, टर्मिनलवरून बसवून वापरल्यानंतर

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याचं ऑफिस बघते. सूत किती आलं, कोणत्या मागावर कोणता बीम चढला, कुठल्या विणकराने किती नग काढले, त्याची उचल किती वळती करायची, हे सगळं आमच्याकडे स्प्रेडशीटच्या फायलींत होतं. आता ते पोस्टग्रेसवर आहे, म्हणजे नोंदी नियमांनुसार टेबलांत साठवणाऱ्या डेटाबेस प्रोग्रामवर. माझं मत आधीच सांगून टाकते. आमच्यासारख्या कारखान्याला हा डेटाबेस अगदी योग्य आहे, आणि तो माऊसने पुढे-पुढे करत न बसवता टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एकेक कमांड देऊन बसवावा.

फायली का पुरत नव्हत्या ते टेरी टॉवेल विणणाऱ्यांना सांगायला नको. या मालाला एका मागावर दोन बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचे रूळ, लागतात, एक ग्राउंडचा म्हणजे पायाच्या कापडाचा आणि एक पाइलचा म्हणजे वरच्या फासांचा. दोन्ही एकाच वेळी संपत नाहीत. रंगाचा लॉट वेगळा पडला तर एकाच ऑर्डरमधल्या टॉवेलांची छटा वेगळी दिसते आणि व्यापारी माल परत पाठवतो. म्हणजे टॉवेलाच्या गठ्ठ्यावरून मागे जात थेट सुताच्या लॉटपर्यंत पोचता आलं पाहिजे. फायलीत ते होत नाही, कारण एकाने माग नंबर मराठी आकड्यात लिहिलेला असतो, दुसऱ्याने इंग्रजी आकड्यात, तिसऱ्याने ‘माग बारा’ असं अक्षरात. बेरीज गप्प बसून चुकते.

डेटाबेसचा विषय निघाला तेव्हा आमच्या दिवाणजींनी पहिला प्रश्न विचारला, “फुकट हाय म्हणता, मग मालक कोण ओ याचा?” प्रश्न रास्त होता. परवाना दरवर्षी भरायचा असेल, किंवा उद्या कंपनी बंद पडली तर काय, ही काळजी हिशोब सांभाळणाऱ्या माणसाने करायलाच हवी. पोस्टग्रेसला एक मालक नाही. १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली हा संशोधन प्रकल्प सुरू झाला. पुढे अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल ही डेटाला प्रश्न विचारायची भाषा शिकवली आणि १९९६ मध्ये त्याचं नाव पोस्टग्रेसक्यूएल झालं. तेव्हापासून जगभरातले विकासक मिळून तो सांभाळतात. परवाना इतका मोकळा आहे की धंद्यात वापरा, बदला, पुढे द्या, पैसे द्यायचे नाहीत. दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. दिवाणजींना या उत्तरातलं ‘पाच वर्षं’ तेवढं पटलं, आणि तेवढं पुरलं.

यंत्र म्हणाल तर ऑफिसातला जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, त्यात नवी एसएसडी, आणि खाली यूपीएस. वर उबुंटू सर्व्हर २४.०४ ही लिनक्स प्रणाली. मॉनिटर लावलेला नाही, माझ्या टेबलावरच्या संगणकातून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून त्याचं टर्मिनल उघडून, आत जाते. पन्नासेक मागांच्या कारखान्याचा डेटा एवढ्या यंत्राला काहीच नाही.

आता मुख्य गोष्ट, बसवणं. इथल्या कमांड मी देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच द्यायच्या.

‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेसक्यूएल’ एवढं म्हटलं की काम झाल्यासारखं वाटतं. पण त्या एका ओळीत पाच-सहा गोष्टी घडून गेलेल्या असतात आणि त्या कोणत्या, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘पोस्टग्रेस’ नावाचा वेगळा लिनक्स वापरकर्ता तयार होतो. ‘इनिटडीबी’ नावाचा प्रोग्राम चालून डेटाची डिरेक्टरी तयार होते. तिला क्लस्टर म्हणतात आणि उबुंटू त्याचं नाव ‘मेन’ ठेवतो. सेवा सुरू होते आणि ५४३२ या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारावर, जोडणीची वाट बघत बसते. सेटिंगच्या फायली ‘ईटीसी’खाली जातात, डेटा ‘व्हार’खाली. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ ही कमांड दिली की आवृत्ती, पोर्ट, चालू की बंद, डेटा कुठे आणि लॉग कुठे, हे सगळं एका ओळीत दिसतं. ही ओळ मी कागदावर लिहून यंत्राच्या डब्यावर चिकटवली आहे. मी रजेवर असताना कुणाला तरी ती लागेल.

हाताने इनिटडीबी चालवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तो रूट, म्हणजे लिनक्सचा सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालायला साफ नकार देतो. मला हा हट्ट आवडतो. डेटाबेस जर सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावावर चालू लागला तर त्यातली एक फट अख्ख्या यंत्राला महागात पडते.

बसवल्याबरोबर, एकही नोंद करण्याआधी, दोन तपासण्या कराव्यात. पहिली एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीची. पीएसक्यूएल हा टर्मिनलवरून डेटाबेसशी बोलायचा प्रोग्राम, त्यात शिरून (कसं ते पुढे येतं) ‘\एल’ दिलं की डेटाबेसांची यादी येते. तिथे यूटीएफ८ दिसलं पाहिजे. यंत्राचं लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, नुसतं ‘सी’ असेल तर एन्कोडिंग एसक्यूएल-आस्की होऊन बसतं. मग मराठी नावं आत तर जातात, पण डेटाबेस त्यांना अक्षरं न समजता नुसते बाइट समजतो आणि लांबी मोजताना भलताच आकडा देतो. आमच्याकडे विणकरांची नावं मराठीत आहेत, काही जुन्या माणसांची घरची नावं तेलुगूत लिहिलेली आहेत. यूटीएफ८मध्ये दोन्ही शेजारी शेजारी नीट राहतात.

दुसरी तपासणी चेकसमची. डिस्कवरचं पान सडलं, एखादा बिट उलटा झाला, तर तो वाचताना लगेच लक्षात यावा म्हणून प्रत्येक पानासोबत एक पडताळणीचा आकडा ठेवता येतो. उबुंटू २४.०४सोबत येणाऱ्या पोस्टग्रेसच्या सोळाव्या आवृत्तीत हा मूळचा बंद असतो. सेवा थांबवून ‘पीजी_चेकसम्स --एनेबल’ चालवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. नव्या, रिकाम्या क्लस्टरवर याला क्षणभर लागतो. डेटा साठल्यावर करायचं ठरवलं तर सगळी पानं वाचून लिहावी लागतात, कारखाना तेवढा वेळ थांबवावा लागतो. अठराव्या आवृत्तीपासून हा मूळचाच चालू मिळतो, म्हणजे करणाऱ्यांनाही ते पटलेलं दिसतं.

इथून पुढे नवखा माणूस जिथे अडतो ती जागा येते. स्वतःच्या लॉगिनवरून नुसतं ‘पीएसक्यूएल’ दिलं तर त्या नावाची भूमिका, म्हणजे डेटाबेसातला वापरकर्ता, नाही म्हणून तो नकार देतो, आणि दुसऱ्याचं नाव सांगून शिरायला गेलं तर ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ असं उत्तर येतं. पासवर्ड बरोबर असला तरी येतं. कारण त्या दारावर पासवर्ड विचारलाच जात नाही. यंत्रावर ज्या नावाने तुम्ही बसला आहात तेच नाव डेटाबेसात असेल तरच आत, असा तिथला नियम आहे. म्हणून पहिल्यांदा ‘सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल’ असंच जायचं.

हे नियम ज्या फाइलीत असतात ती ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’. कारखान्याच्या गेटवर वॉचमनकडे वही असते, कोण, कुठून, कुणाकडे आणि ओळखपत्र काय, तशीच ही फाइल आहे. जोडणीचा प्रकार, डेटाबेस, वापरकर्ता, पत्ता आणि पद्धत असे रकाने. ती वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते, खालच्या ओळी मग बघितल्या जात नाहीत. वर एक सैल ओळ राहिली की खालच्या कडक ओळींना अर्थ उरत नाही. मी ऑफिसच्या नेटवर्कपुरती एक ओळ घातली, १९२.१६८.१.०/२४, पद्धत स्क्रॅम-शा-२५६, म्हणजे पासवर्ड तपासून. फाइल बदलल्यावर सेवा ‘रीलोड’ केली की पुरतं. पण बाहेरच्या संगणकांना जोडता यावं म्हणून ‘लिसन_ॲड्रेसेस’ बदलला असेल तर ‘रीस्टार्ट’च लागतो. हा फरक बऱ्याच ठिकाणी नीट सांगितलेला नसतो आणि माणूस बरोबर फाइल लिहूनही डोकं धरून बसतो. ‘पीजी_एचबीए_फाइल_रूल्स’ नावाचा एक व्ह्यू, म्हणजे टेबलासारखा वाचता येणारा तक्ता, आहे, त्याला विचारलं की फाइलीतल्या कोणत्या ओळीत काय चुकलंय ते तो सांगतो. सेवा रीलोड करण्याआधी मी तो बघतेच.

मग नवा वापरकर्ता आणि नवा डेटाबेस बनवायला ‘क्रिएटयूजर --पीडब्ल्यूप्रॉम्प्ट ऑफिस’ आणि ‘क्रिएटडीबी -ओ ऑफिस टॉवेल’. यातला मोठा ओ विसरू नये. पंधराव्या आवृत्तीपासून ‘पब्लिक’ स्कीमात, म्हणजे टेबलांच्या मूळच्या कप्प्यात, वाटेल त्याला टेबल बनवता येत नाही, डेटाबेसच्या मालकाला येतं. मालकी न देता डेटाबेस बनवला तर पहिल्याच टेबलाला ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’ येईल. जुन्या व्हिडिओंत हे सापडणार नाही, कारण तेव्हा हा नियम नव्हता.

पीएसक्यूएलबद्दल मी भरभरून लिहू शकते. हा प्रोग्राम कमी बोलतो आणि जे बोलतो ते खरं बोलतो. प्रॉम्प्टच्या, म्हणजे कमांडची वाट बघणाऱ्या ओळीच्या, शेवटी चौकटीचं चिन्ह (#) असेल तर तुम्ही सर्वाधिकारी आहात, जपून. बाणाचं चिन्ह (>) असेल तर साधे वापरकर्ते. अर्धविराम द्यायचा राहिला तर त्याच्या आधीच्या बरोबरीच्या चिन्हाच्या जागी आडवी रेघ येते, अवतरणचिन्ह उघडं राहिलं तर अवतरणचिन्ह, कंस उघडा राहिला तर कंस. म्हणजे काय राहिलंय ते तिथल्या तिथे दिसतं. ‘\डी’ दिलं की टेबलांची यादी, ‘\डी’ आणि टेबलाचं नाव दिलं की त्याचे रकाने, बंधनं, कुणाशी नातं, सगळं. ‘\एच’ आणि कमांडचं नाव दिलं की तिचं पूर्ण व्याकरण समोर, इंटरनेट नसलं तरी. आमच्या भागात नेट गेलं की दुपार जाते, तेव्हा या एका सोयीने माझं काम चालू राहिलेलं आहे.

टर्मिनलवरून बसवा असं मी म्हणते ते याचसाठी. दिलेली प्रत्येक कमांड मी एका फाइलीत क्रमाने जपून ठेवली आहे. यंत्र जळालं तर दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल वरून खाली चालवायची. माऊसने केलेल्या टिचक्यांची अशी नोंद राहत नाही. आणि आमच्याकडे ऑफिसला येणारा मुलगा दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, त्याला ही फाइल वाचून कळतं की काय, कुठे आणि का केलंय.

टेबलं बनवताना या डेटाबेसचा खरा स्वभाव कळला. सुताच्या वजनाला मी ‘न्यूमेरिक’ प्रकार दिला, दशांशानंतर तीन घरं. फ्लोट हा अंदाजे दशांशाचा प्रकार दिला असता तर शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन याचंही उत्तर काटेकोर येत नाही, आणि सूत किलोवर विकत घेतलं जातं. एका पाळीत एका मागावर एकाच विणकराची नोंद, म्हणून माग, तारीख आणि पाळी या तिघांवर मिळून ‘युनिक’ बंधन. बीमची नोंद नसलेल्या मागावर उत्पादन चढूच नये, म्हणून ‘फॉरेन की’. उचल वजा आकड्यात जाऊ नये, म्हणून ‘चेक’. एवढं केल्यावर जुन्या फायली ‘\कॉपी’ने आत ओढायला घेतल्या आणि नकारांची रांग लागली. प्रत्येक नकारात ओळ क्रमांक होता. तेव्हा कळलं की फायलींत कितीतरी पाळ्यांना दोन-दोन विणकर लावलेले होते. कुणाच्या पगारात किती फरक पडत होता ते काढून मालकांपुढे ठेवलं, आणि ज्यांचे नग कमी लागले होते त्यांना ते पैसे पुढच्या आठवड्याच्या पगारात मिळाले. माझ्या दृष्टीने या डेटाबेसची किंमत त्याच दिवशी वसूल झाली.

‘\कॉपी’ आणि नुसती ‘कॉपी’ यांत गफलत करू नका. नुसती ‘कॉपी’ सर्व्हरच्या डिस्कवरची फाइल शोधते, ‘\कॉपी’ ज्या संगणकावर पीएसक्यूएल चालू आहे त्यावरची.

मराठी आकड्यांचं काय झालं तेही सांगते. पूर्णांकाच्या रकान्यात देवनागरी आकडा दिला तर पोस्टग्रेस तो घेत नाही, चूक दाखवतो. आमचे जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, नोंद मराठीतच करतात आणि त्यांनी ती तशीच करावी असं मला वाटतं. म्हणून आधी मजकूर म्हणून घ्यायचं, ‘ट्रान्सलेट’ या फंक्शनने दहाही देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलायचे आणि मग पूर्णांकात टाकायचं. एका ओळीचं काम आहे.

आणि नावांचा क्रम. नुसत्या संगणकी क्रमाने लावलं तर ‘ळ’ लगेच ‘ल’च्या मागे येतो आणि क्षीरसागर आडनाव ‘क’मध्ये कुठेतरी शिरतं. दिवाणजींच्या हजेरीबुकात क्षीरसागर शेवटी असतात, शाळेत वर्णमाला शिकवली तसे. पोस्टग्रेसमध्ये ‘एमआर-एक्स-आयसीयू’ नावाचं मराठीचं कोलेशन, म्हणजे क्रम लावायचा नियम, आयतं मिळतं. ‘ऑर्डर बाय’च्या रकान्यापुढे ‘कोलेट’ आणि हे नाव दिलं की ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. छापलेली यादी हातात घेतल्यावर दिवाणजी काही बोलले नाहीत, सरळ टिकमार्क करायला लागले. बर्कलीत सुरू झालेल्या गोष्टीत आमच्या वर्णमालेचा क्रम कुणीतरी एवढ्या काळजीने ठेवलाय याचं मला फार अप्रूप वाटतं.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. एका दुपारी वीज इतका वेळ आली नाही की यूपीएसही संपला. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर लॉगमध्ये ओळ होती, डेटाबेस नीट बंद झालेला नव्हता, आपोआप सावरणं चालू आहे. सेवा उभी राहिली आणि शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं जागेवर होतं. याचं कारण असं की प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ नावाच्या लॉगमध्ये लिहून डिस्कवर पक्का होतो आणि मगच तुम्हाला ‘कमिट’, म्हणजे नोंद झाल्याची पोच, मिळतं. वेग वाढवायचा म्हणून ‘एफसिंक’, म्हणजे हे डिस्कवर पक्कं करणारं सेटिंग, बंद करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

बॅकअपला ‘पीजी_डम्प -एफसी’, रोज रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, वेगळ्या डिस्कवर, आणि आठवड्याची एक प्रत मालकांच्या घरी. पासवर्ड ‘.पीजीपास’ फाइलीत ठेवता येतो, पण तिची परवानगी ०६०० पेक्षा सैल असेल तर ती वाचलीच जात नाही, हे लक्षात ठेवा. घेतलेला बॅकअप महिन्यातून एकदा दुसऱ्या नावाच्या डेटाबेसात ‘पीजी_रिस्टोअर’ने उतरवून मी नगांची बेरीज ताडून बघते.

उणिवा आहेत. मूळ सेटिंग फार बेताचं असतं, ‘शेअर्ड_बफर्स’, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची रॅम, १२८ एमबीच. समर्पित यंत्र असेल तर रॅमच्या पाव भागापासून सुरुवात करा असं त्यांचीच कागदपत्रं सांगतात, मी २ जीबी दिलं. मोठ्या आवृत्तीवरून दुसऱ्या मोठ्या आवृत्तीवर जाताना जुनी डेटा डिरेक्टरी तशीच चालत नाही, ‘पीजी_अपग्रेड’ किंवा उबुंटूवर ‘पीजी_अपग्रेडक्लस्टर’ चालवावं लागतं, आणि त्याआधी बॅकअप हवाच. सर्वात मोठी अडचण म्हणजे यासोबत नोंदी करायला तयार स्क्रीन येत नाही. ती वेगळी बनवावी लागते. आमची मी साध्या वेब फॉर्मची बनवली, पण ज्यांच्याकडे ते करणारं कुणीच नाही त्यांनी आधी तो खर्च धरावा. नवी पेठेतलं एखादं दुकान असेल, एकच माणूस एकाच संगणकावर बिलं करत असेल, तर त्याला सर्व्हरची गरजच नाही, एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस पुरे. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसांवर आधीच काम चालू असेल आणि नीट चालत असेल तर केवळ माझं वाचून बदलू नका.

मार्गदर्शनासाठी त्यांची स्वतःची कागदपत्रं वाचा. इंग्रजीत आहेत, पण वाक्यं साधी आहेत आणि प्रत्येक आवृत्तीची वेगळी आहेत, पानाच्या वर आवृत्तीचा आकडा बघून मगच कमांड उचला. आणि बसवायचा दिवस निवडताना महिनाअखेर आणि गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा सोडा. यात्रेत निम्मा कारखाना सिद्धेश्वराला असतो, आणि जुन्या नोंदीत काही अडलं तर विचारायला जॉबर जागेवर लागतोच.